हॉलमधली फरशी

२ डिसेंबर २०२४

सकाळी बोईसरच्या बाजारातून मोबाइल उभा करायचा स्टँड आणला. दुपारी जितेशचे सातही व्हिडिओ सलग पाहिले. संध्याकाळी कारखान्यांकडून वास यायला लागला म्हणून खिडक्या लावून घेतल्या. जेवण झाले. साखरबाईने, माझ्या बायकोने, ताट वाढले आणि ती आत गेली.

आजपासून शाळेबद्दल लिहून ठेवायचे ठरवले आहे. शाळा म्हणजे जितेशची ऑनलाइन लादीशाळा. लादी कशी बसवायची ते मराठीतून, मोबाइलवर, घरबसल्या शिकवायचे अशी त्याची कल्पना होती. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला मुलगा थापी हातात घेतो म्हणून मी त्याला बोललो होतो. तो म्हणाला, "आप्पा, साइटवर इंजिनिअर पायलीचे पन्नास मिळतात. सरळ लादी बसवणारा एक मिळत नाही." सात धडे करून झाले होते. आठव्याची तयारी चालू असताना सप्टेंबरमध्ये चिल्हार रस्त्यावर ट्रकने त्याला उडवले.

राहिलेले धडे मी पूर्ण करणार आहे. मी रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळले, लादीतले मला काही कळत नाही. पण लिहिलेले नीट वाचता येते, तेव्हा आवाज माझा चालेल. हात मात्र दुसऱ्याचे लागतील.

५ डिसेंबर

कमलेशला बोलावले. हा मासवणचा लादी मिस्त्री. जितेश याच्याबरोबर कामाला जात असे. याच्या आवाजाने घर भरून जाते, हे मला कधीच आवडले नाही.

दारातूनच म्हणाला, "बोला काका, कुटं लावायची लादी? भिंतीला, जमिनीला, का आबाळाला?"

साखरबाई हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी सांगितले की व्हिडिओत फक्त हात दिसतील, चेहरा नाही, नावही नाही. शाळा जितेशची आहे. तो म्हणाला, "बरंच झालं. माजं थोबाड बगून पोरं शाळा सोडतील." मग म्हणाला, "जितूसाटी करतो, काका. तुमी हाक मारली नसती तरी आलो असतो."

आधीच्या सात धड्यांत जितेशच्या उजव्या हातात त्याचे स्टीलचे कडे दिसते. हात बदलले हे मुलांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ते कडे कमलेशला घालायला दिले. त्याचा पंजा रुंद आहे. साबण लावून आत ढकलावे लागले. तो मनगट फिरवून बघत म्हणाला, "गेलं तर खरं. निघताना हात तोडून द्यावा लागंल तुमाला."

मला त्याचे बोलणे बरे वाटले नाही. पण मोबाइलमध्ये पाहिले तेव्हा हात जितेशचाच वाटला.

९ डिसेंबर

आठवा धडा झाला. माल कालवण्याचा. माल म्हणजे वाळू-सिमेंट. राजनंदिनीने शूटिंग केले. ती पालघरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिची परीक्षा जवळ आली आहे. ती दोनदा घड्याळाकडे पाहत होती. मी तिला म्हणालो, तुझ्या भावाने कधी कामाच्या मध्ये घड्याळ पाहिले नाही. नंतर तिने पाहिले नाही.

धड्याच्या शेवटी आमच्या हॉलची फरशी दाखवायचे मी सुचवले आहे. ही फरशी जितेशने मेमध्ये स्वतः बसवली. एकट्याने. कमलेश तेव्हा वापीला एका इमारतीच्या कामावर होता आणि पावसाळ्यापर्यंत आलाच नाही. त्यामुळे हाताखालीही कोणी नव्हते. जितेशने दोन दिवसांत हॉल संपवला. आरशासारखी दिसते. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कोणी बसवली? मी सांगतो, मुलाने, एकट्याने.

स्वयंपाकघर तेवढे राहिले होते. ते कमलेशने तेराव्यानंतर येऊन केले. तो न बोलावता आला होता. चार दिवस लावले. एवढ्याशा खोलीला चार दिवस.

१६ डिसेंबर

आज कमलेशबरोबर मतभेद झाला. जितेशचा तिसरा धडा मी अजून नेटवर टाकला नव्हता, आज टाकायला घेतला. त्याचे नाव त्यानेच दिले आहे, "पाच गोळ्यांत झटपट फरशी". लादीच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे मालाचे पाच गोळे ठेवायचे, वरून लादी दाबायची, झाले. माल कमी लागतो, वेळ वाचतो. जितेश व्हिडिओत फार छान समजावून सांगतो.

कमलेश म्हणाला, "काका, ह्यो धडा नका टाकू."

"का?"

"गोळ्यांच्या मदी हवा ऱ्हाते. माल सगळीकडं पसरला पायजे, खालून सिमेंटचं पानी पायजे. नायतर वरून झ्याक आन् आतून मोकळं. जड कपाट ठेवलं का लादी तडकते."

"मग जितेशला हे माहीत नव्हते?"

तो राजनंदिनीकडे बघायला लागला. मग म्हणाला, "जितूला घाई लई. मी त्याला बोललो व्हतो, तो बोलला, तू जुना मानूस हायस. लई भांडलो आमी त्याच्यावरून. मग त्यानं मला वडापाव खिलवला, मी गप."

मी धडा टाकला. जितेश सुशिक्षित होता. नवी पद्धत जुन्या मिस्त्रींना पटत नाही, हे कारखान्यातही मी पाहिले आहे.

२४ डिसेंबर

काही लिहिण्यासारखे नाही. तेरावा धडा झाला, कोपरे कापण्याचा. कमलेशने लादी कापताना गाणे म्हटले, ते आवाज बंद करून काढून टाकावे लागले.

११ जानेवारी २०२५

मुले वाढत आहेत पण हळू. धुळे, परभणी, एक जण सफाळ्याचा. प्रतिक्रियांमध्ये एकाने लिहिले, "सरांचे हात फार सफाईदार आहेत." मी उत्तर दिले, "धन्यवाद. हे जितेश सरांचे कौशल्य आहे." राजनंदिनीने ते वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी विचारले, काय? ती म्हणाली, "नवव्या धड्याखाली आहे हे, आप्पा."

मी म्हणालो, शिकवले तर जितेशनेच ना.

कमलेश आज खुशीत होता. नवापूरला भगवंत तांडेल म्हणून एक बोटीवाले आहेत, त्यांचा बंगला होतो आहे. खाली-वर मिळून सगळ्या घराची लादी त्याला मिळायची आहे. आजवर तो ठेकेदारांच्या हाताखाली होता. हे पहिलेच काम त्याच्या स्वतःच्या नावावर. साखरबाईला सांगत होता, "मावशी, बुधीला बोललो, आता तुज्या नवऱ्याला मिस्त्री नाय म्हनायचं. शेट म्हनायचं. ती बोलली, शेट, आदी पानी भरून आना."

साखरबाईने त्याच्या हातावर साखर ठेवली. जितेशच्या डिप्लोम्याच्या वेळी ठेवली होती तशी. मी आत गेलो.

२९ जानेवारी

रविवारी पहिला थेट वर्ग घ्यायचे ठरवले. सगळी मुले एका वेळी बघतील आणि प्रश्न विचारतील. विषय, बसवलेली फरशी कशी तपासावी. लाकडी दांड्याने लादीवर ठोकायचे. भरीव आवाज आला तर काम चांगले, पोकळ आवाज आला तर खाली माल नाही. हे कमलेशनेच मागे सांगितले होते. नमुना म्हणून आमचा हॉल घ्यायचा.

कमलेश म्हणाला, "हॉल नको. सैपाकघरात करू."

"का?"

"उजेड बरा हाय तितं."

स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे, तीही बोळाकडे. मी म्हणालो, हॉलच घ्यायचा.

"काका, आयका माजं. पायजे तर नवापूरला चला, तितं एका घरात मी लावलेली लादी हाय. समुद्र पन दिसंल पोरांना."

त्याला स्वतःचे काम दाखवायचे आहे. आठ-नऊ धडे त्याचे हात दिसले, आता नाव हवे आहे. माणसाचा स्वभाव असतो. मी रागावलो नाही. फक्त म्हणालो, "कमलेश, ही शाळा कोणाच्या नावाची आहे?"

तो उठला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसला. राजनंदिनी म्हणाली, "आप्पा, तो म्हणतोय तर ऐका ना." मी म्हणालो, तू कॅमेरा बघ.

२ फेब्रुवारी

आज थेट वर्ग झाला. झाले ते लिहितो.

साखरबाईने सकाळी हॉल पुसला होता. फरशी चमकत होती. मी स्वच्छ सदरा घातला, जितेशच्या फोटोला हार घातला आणि फोटो मागे दिसेल असा ठेवला. बरीच मुले जमली होती. मी प्रस्तावना वाचली. ही फरशी शाळेचे संस्थापक जितेश यांनी स्वतः, एकट्याने बसवली आहे असे सांगितले. मग म्हणालो, "आता आवाज ऐका." आणि कमलेशच्या हातोडीचा लाकडी दांडा लादीवर ठोकला.

आवाज रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आला.

मला वाटले, लादीचा कोपरा असेल. पुढच्या लादीवर ठोकले. तोच आवाज. त्याच्या पुढच्या. मी गुडघ्यावर पुढे सरकत गेलो. कपाटाजवळ, खिडकीखाली, फोटोसमोर. कुठे कुठे एका ठिपक्यावर भरीव वाजायचे, वीतभर सरकले की पुन्हा डबा. मोबाइलवर मुले लिहीत होती. राजनंदिनी ते वाचत नव्हती, पण मला दिसत होते. कोणी हसण्याची चित्रे टाकली. एकाने लिहिले, "सर, आत कोणी राहते का?" एकाने लिहिले, "हीच का पाच गोळे पद्धत?" एकाने लिहिले, "संस्थापक पळाले वाटते."

मी गुडघ्यांवरच होतो.

तेव्हा कमलेश कॅमेऱ्यासमोर आला. त्याने यायचे नाही असे ठरलेले होते. माझ्या शेजारी उकिडवा बसला, चेहरा मोबाइलकडे करून म्हणाला, "ए पोरांनो, हसू नका. ही लादी जितूनं नाय लावली. मी लावली. कमलेश, मासवणचा. प्यालेलो व्हतो, घाई व्हती, माल कमी टाकला. जितू मला लई बोलला व्हता. चूक माजी हाय, काकांना म्हायती नव्हतं. बंद कर गं पोरी."

राजनंदिनीने बंद केले.

साखरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कमलेशने हातोडी पिशवीत टाकली आणि तो माझ्याकडे न बघता गेला.

जितेशने मला हे सांगितले नव्हते. मित्राला सांभाळून घ्यायचा त्याचा स्वभावच होता. फरशी कमलेशने बिघडवली आणि जितेशने ती स्वतःच्या नावावर घेतली.

३ फेब्रुवारी

सकाळी राजनंदिनी माझ्यासमोर येऊन बसली. "आप्पा, कमलेश मे महिन्यात कुठे होता?"

मी म्हणालो, मला आठवत नाही. मधून येऊन गेला असेल. वापी काही लांब नाही.

"मी तेव्हा घरातच होते. मी दादाला पाणी देत होते."

मी म्हणालो, माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, ते खोटे कशाला बोलेल?

तिने तोंडावर हात ठेवला आणि कॉलेजला गेली. डबा विसरली.

६ फेब्रुवारी

थेट वर्ग सगळ्यांनी पाहिलाच आहे. अर्धवट गोष्ट जितेशच्या नावाला चिकटून राहायला नको म्हणून कमलेशने कबुली दिली तो भाग मी वेगळा काढला. सुरुवातीला पोकळ आवाज, मग त्याचा चेहरा आणि बोलणे. राजनंदिनीने टाकायला नकार दिला. कापायचे आणि टाकायचे मी स्वतः शिकलो, दोन दिवस गेले. नाव दिले, "मिस्त्री कसा नसावा".

१० फेब्रुवारी

व्हिडिओ फार लोकांनी पाहिला आहे. आधीचे सगळे धडे मिळून पाहिले त्याच्या कित्येक पट. त्याच्यामुळे शाळेत चार दिवसांत आली तेवढी मुले आधी दोन महिन्यांत आली नव्हती. एकाने लिहिले, "अशा बेवड्या मित्राला सांभाळणारे जितेश सर देवमाणूस." मी ते साखरबाईला वाचून दाखवले. तिने भांडी घासणे थांबवले नाही.

कमलेशला कामावर बोलावलेले नाही. तोही आला नाही.

१३ फेब्रुवारी

दुपारी कमलेश आला. आज हळू बोलत होता.

"काका, तो व्हिडिओ काढा."

मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही.

"नाक्यावर पोरं माज्या हेल्मेटवर ठोकतात. आवाज बग, पोकळ हाय का भरीव. पोकळ्या मिस्त्री म्हनतात. त्याचं काय नाय, नाक्यावर मी पन लोकांना लई नावं ठेवली हायत. पन तांडेलांनी बगितला. परवाचा दिवस घेतलाय इचार करायला."

मी म्हणालो, तू स्वतःच बोललास ना?

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुमी खाली बसला व्हतात, काका. गुडग्यावर. पोरं हसत व्हती. मला ते बगवलं नाय. त्या टायमाला बोललो मी. जाहिरात करायला नाय बोललो."

"म्हणजे खोटे बोललास?"

साखरबाई आतून म्हणाली, "अहो." एवढेच.

कमलेशने खाली फरशीकडे पाहिले. पायाच्या अंगठ्याने एक लादी दाबली. मग म्हणाला, "नाय. खोटं कशाला बोलू. मीच लावली."

मी म्हणालो, मग व्हिडिओत चुकीचे काही नाही. तरी बघतो.

१५ फेब्रुवारी

सकाळी नवापूरहून भगवंत तांडेल यांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी व्हिडिओखालून घेतला होता. बोलण्यात सभ्य वाटले.

म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं होता ना तो मासवणचा पोर? माज्या घराचा काम त्याला द्यायचा की नाय ते तुमी सांगा. माजी आई म्हातारी हाय, लादी फुटून पडली-बिडली तर? पोर तसा बरा वाटतो मला. तुमी त्याला जवळून बगितला. त्याचा काम कसा हाय?"

मला मास्तर म्हणणारे ते पहिलेच. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. साखरबाई पोळ्या लाटत होती, तिने लाटणे थांबवले.

मी म्हणालो, "व्हिडिओत दिसते तसे."

ते म्हणाले, "बरा झाला इचारलं. देव भला करो तुमचा."

फोन ठेवला तेव्हा पोळी जळल्याचा वास आला. साखरबाईने ती तव्यावरून काढली आणि माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली.

१८ फेब्रुवारी

कमलेशची बायको बुधी आली. आमच्याकडे ती पूर्वी एकदाच आली होती, जितेश गेला तेव्हा. दारातच उभी राहिली, आत ये म्हटले तरी आली नाही.

"लादी लावली तवा आमी वापीला व्हतो. माजा पोटातला पोर गेला तितं, त्याच मयन्यात. तुमच्या जितूनं फोन केला व्हता. तुमालाच सगलं म्हायती हाय."

दुःखात असलेल्या बाईला उत्तर देऊ नये.

"बोलाना. तोंडात गुलनी धरलीय का? तुमचा पोर मेला म्हनून माजा नवरा गप हाय. मी नाय गप बसनार. त्याला रातभर झोप नाय. भिताडाला ठोकून बगतो, झोपडीच्या. येडा झालाय. काडा तो व्हिडिओ."

शेजारचे लोक बाहेर आले होते. मी सांगितले की शाळेचे निर्णय असे दारात होत नाहीत. आणि शाळेची एक वस्तू कमलेशकडे आहे ती परत पाठवावी.

तिला कळेना. "कसली वस्तू?"

"कडे."

ती जोरात हसली. इतका वेळ हसली की शेजाऱ्यांनी आपापली दारे लावून घेतली.

१९ फेब्रुवारी

कमलेश कडे द्यायला आला. ते निघत नव्हते. बाहेरच्या नळावर त्याने साबण लावला, ओढले, निघेना. साखरबाईने गोडेतेल आणले. मी म्हणालो, सावकाश, कड्याला ओरखडा पडेल. शेवटी हाताच्या पाठीची कातडी सोलून कडे निघाले. नळाखाली थोडे रक्त गेले.

तो म्हणाला, "घ्या. बोललो व्हतो ना पयल्या दिवशी." आणि हसला, पूर्वीसारखा नाही.

राजनंदिनी हळद घेऊन धावली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं. आता हात काय कामाचा."

जाताना साखरबाईच्या पाया पडला. माझ्या नाही.

२६ फेब्रुवारी

राजनंदिनी पालघरला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. परीक्षेपुरते, असे म्हणाली. कपडे मात्र सगळे नेले.

साखरबाईने अंथरूण हॉलमधून स्वयंपाकघरात हलवले आहे. मी कारण विचारले. ती म्हणाली, "तिथे कूस बदलली तरी आवाज येत नाही."

८ मार्च

नवा मिस्त्री मिळाला. बोईसरच्या नाक्यावरचा, उत्तरेकडचा. हिंदीत बोलतो, पण बोलायचे नाहीच आहे. त्याचा हात बारीक आहे. कडे कोपरापर्यंत वर सरकते, म्हणून आतून चिंधी गुंडाळली. सतरावा धडा झाला. तो विचारत होता, "साब, यह किसका है?" मी सांगितले, स्कूल का.

त्याच्याकडूनच कळले की कमलेश मिस्त्रीकाम सोडून एमआयडीसीत पोती चढवायला जातो. तिथेही पोरे पोत्यावर ठोकून त्याला आवाज ऐकवतात. नवा मिस्त्री हे हसत सांगत होता. कमलेश कोण हे त्याला माहीत आहे, कारण व्हिडिओ त्याच्या गावीही पोचला आहे.

२१ मार्च

परभणीच्या एका मुलाने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्याने आईच्या घराची फरशी तिसऱ्या धड्याप्रमाणे पाच गोळ्यांनी बसवली आहे. त्याची पहिलीच फरशी. लिहिले होते, "सर, असा आवाज येतो. बरोबर आहे का? आई फार खूश आहे."

मी आवाज एकदा ऐकला. ओळखीचा होता.

दुपारी उत्तर पाठवले. "सुरुवातीला असा आवाज येतो. काळजी नसावी."

त्याने हात जोडल्याची खूण पाठवली आणि जितेश सरांना नमस्कार कळवला.

३० मार्च

आज पाडवा. साखरबाई परवाच अमळनेरला भावाकडे गेली आहे. कधी येणार ते म्हणाली नाही, मीही विचारले नाही. राजनंदिनीला फोन केला, उचलला नाही. गुढी उभारायची नव्हती, या वर्षी सण नाही.

दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. भांडे हातातून निसटून पडले. आवाज वेगळा आला. मी खाली बसलो आणि लाटण्याने लादीवर ठोकले. मग पुढच्या. ओट्याखाली, मोरीजवळ, दारामागे, डब्यांचे फडताळ सरकवून त्याच्याखाली. चार दिवस लावले होते त्याने. एकही लादी कुठे पोकळ वाजली नाही. दगडावर ठोकावे तसे.

उंबऱ्यापाशी आलो. पलीकडे हॉलची पहिली लादी. लाटणे हातात होते. तिथे ठोकले नाही.

मोबाइलवर तो व्हिडिओ उघडला. पाहणारे आणखी वाढले आहेत. काढून टाकायचे बटण कुठे असते ते आता मला येते. तिथपर्यंत गेलो. खात्री आहे का, असे विचारते. मागे जितेशचा फोटो दिसत होता, हार घातलेला, आणि त्याच्या पुढ्यात कमलेशचा चेहरा. सोमवारपासून नवी तुकडी सुरू होते आहे. मोबाइल बंद करून चार्जिंगला लावला.

मग सणाचा दिवस म्हणून घर पुसायला घेतले. स्वयंपाकघर आधी, हॉल नंतर. हॉलमध्ये बादली ओढली नाही. दर वेळी उचलून पुढे ठेवत गेलो, हळू, दोन्ही हातांनी.